फाटलेलं शीड हातानं शिवताना : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

आज फक्त पाहणी. शीड लहान होडीचं, साधारण ९ चौरस मीटरचं, पॉलिएस्टरचं. डेक्रॉन म्हणतात ते. आधी गोड्या पाण्यानं दोनदा धुतलं आणि सावलीत वाळवलं. कापडात मीठ तसंच राहिलं तर सुई करकरते, दोरा घासला जातो आणि चिकटपट्टी धरत नाही.

मग जमिनीवर पसरून खडूनं खुणा केल्या. मागच्या कडेकडची एक आडवी शिवण १.४ मीटर उसवली आहे. मधोमध ६० सेंटिमीटरची चीर आहे. खालच्या कोपऱ्यातली धातूची कडी कापडासकट निम्मी बाहेर आली आहे. होडीवर घालायचं सुती कॅनव्हासचं आवरणही घडीवर विरून फाटलंय. ते सगळ्यात शेवटी घेणार.

उसवलेल्या भागाच्या पुढची, वरून धड दिसणारी शिवण अंगठ्याच्या नखानं खरवडून पाहिली. दोऱ्याचा पांढरा भुगा नखाखाली आला आणि तीन टाके एकामागून एक सुटले. त्याच जागी कापड मात्र ठणठणीत, ताणून पाहिलं तरी काही नाही. डेक्रॉन कडक असतं. सुती कापडात टाका रुतून बसतो, इथे तो पृष्ठभागावर उभा राहतो, त्यामुळे ऊन आणि डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांची घासण दोन्ही आधी त्याच्याच वाट्याला येतात. कापड शाबूत असताना दोरा मरतो तो असा.

नख फिरवत पुढे गेलो. जिथे टाके टिकले तिथे थांबलो. १.४ मीटरचं काम ३.२ मीटरचं झालं. ही परीक्षा पहिल्याच दिवशी करा, नाहीतर अर्धी शिवण नवी, अर्धी मेलेली घेऊन पुन्हा पाण्यात जाल.

५ ऑक्टोबर

साहित्य जमवलं. जे खरंच लागलं तेवढंच लिहितो.

शिडाच्या सुया. टोकाकडे तीन धारांच्या, मागे गोल. आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: १४ नंबर जाड, १९ नंबर बारीक. माझ्याकडे १४, १६, १७ आणि १९ आहेत. सुया साध्या पोलादाच्या, लगेच गंजतात, म्हणून तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवल्या.

पाम. हाताच्या तळव्याभोवती चामड्याचा पट्टा आणि अंगठ्याच्या बुडाशी खाचा पाडलेली धातूची चकती. सुईचं बूड त्या खाचेत टेकवून सगळ्या तळव्यानं रेटायचं. अंगुस्तानानं हे काम होत नाही. बोटात तेवढा जोर नसतो. डावखुऱ्यांचा पाम वेगळा असतो, घेताना पाहून घ्या.

दोरा दोन प्रकारचा: मेण लावलेली १ मिलिमीटरची चपटी पॉलिएस्टर दोरी, आणि बारीक बाँडेड (पदर एकमेकांना चिकटवलेला) पॉलिएस्टर, व्ही-६९; हा दोऱ्याच्या जाडीचा नंबर. नायलॉन मुद्दाम घेतला नाही. तो ताणला जातो आणि उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कुजतो. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, दोराही मिळतो, त्याला ऊन बाधत नाही; पण तो इतका निसरडा असतो की हाताच्या कामात टाका जागच्या जागी राहीना. नमुन्यादाखल मिळालेला हातभर तुकडा वापरून पाहिला आणि सोडून दिला.

बाकी मधमाशीच्या मेणाची वडी, टाके उसवायचं हत्यार, भोकं पाडायची आरी, पेन्सिल, पट्टी, पक्कड, आणि दोरीला बांधलेला फिरता आकडा. आकडा कापडात अडकवून दोरीचं दुसरं टोक खांबाला बांधायचं, म्हणजे शिवण ताणलेली राहते आणि डावा हात मोकळा होतो.

७ ऑक्टोबर

पहिला दिवस पूर्ण वाया. कारण सविस्तर लिहितो, कारण ही चूक बहुतेक जण करतील असं वाटतं.

मनात एकच होतं: पुन्हा उसवता कामा नये. म्हणून सगळ्यात जाड दोरी दुहेरी घेतली, ती जाईल अशी १४ नंबरची सुई घेतली, आणि टाके ३ मिलिमीटरवर, एका सरळ रेघेत घातले. पावणेतीन तासांत ४० सेंटिमीटर झालं. दिसायला भक्कम, हाताला दोरखंडासारखं लागत होतं.

शिवण आकड्याला लावून दोन्ही हातांनी ओढली. दोरा जागचा हलला नाही. कापड मात्र भोकांच्या रेघेवर टर्रकन फाटलं, टपाल तिकिटांचा कागद भोकांवर फाटतो तसं. जाड सुईचं भोक दोन मिलिमीटरच्या वर आणि पुढचं भोक तीनवर. मध्ये कापड उरतंच किती?

दोरा कापडापेक्षा मजबूत असून उपयोग नाही. भोक जितकं लहान आणि जितकं विखुरलेलं, तितकी शिवण टिकते. पुढच्या सगळ्या नोंदी या एका गोष्टीभोवतीच आहेत.

उसवायला दीड तास. फाटलेल्या ४० सेंटिमीटरखाली आता पट्टी द्यावी लागणार.

८ ऑक्टोबर

जुन्या शिडाच्या तुकड्यावर नमुने शिवले, प्रत्येक १५ सेंटिमीटरचा, आणि एकेक ओढून पाहिला.

१९ नंबर सुई, व्ही-६९ एकेरी, टाका ५ मिलिमीटर: दोरा तुटला, कापड शाबूत. १६ नंबर सुई, चपटी दोरी एकेरी, टाका ५: भोकं ताणून लांबट झाली. १७ नंबर सुई, व्ही-६९ दुहेरी, टाका ५: काहीच झालं नाही. तेच पुन्हा, पण टाके एका रेघेत न घालता तिरपे, म्हणजे एक भोक दुमडीच्या अगदी काठाला आणि दुसरं ४ मिलिमीटर आत: अंगाचा भार टाकला तरी हललं नाही.

ठरलं. १७ नंबर, व्ही-६९ दुहेरी, मेण लावून, ५ मिलिमीटरवर तिरपा सपाट टाका, दोन ओळी.

दोरा कापतानाची लांबी: दुहेरी करून एका हाताच्या पसऱ्याएवढी, त्याहून जास्त नाही. लांब घेतला की प्रत्येक टाक्याला तेवढा दोरा कापडातून ओढला जातो, पीळ सुटतो, गाठी पडतात, आणि शेवटच्या टाक्यांना मिळतो तो झिजलेला दोरा. मेणाच्या वडीवरून दोनदा ओढायचा आणि मग बोटांच्या चिमटीत जोरात फिरवायचा, म्हणजे घर्षणानं मेण जरा गरम होऊन आत जातं आणि दोन्ही पदर एक होतात. मी पहिल्यांदा चार-पाच वेळा ओढला. ते जास्तीचं मेण प्रत्येक भोकाच्या तोंडाशी साचलं आणि त्यावर धूळ बसून काळे ठिपके झाले.

११ ऑक्टोबर

पाम नवा, चामडं कडक. तासाभरात अंगठ्याच्या बुडाला फोड आला आणि सुई चकतीवरून घसरून तळव्यात घुसली. काम थांबवलं. पाम कोमट पाण्यात भिजवला, ओलाच हातावर चढवून मूठ वळवून बसलो, मग तसाच सुकू दिला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या हाताचा झाला होता. हे आधी केलं असतं तर एक दिवस वाचला असता.

एक १७ नंबरची सुई मोडली. मी ती वाकडी रेटत होतो. सुई चकतीशी काटकोनात, तर्जनी आणि अंगठ्यानं टोकाजवळ धरलेली, आणि जोर खांद्यातून. मनगट वळलं की सुई मोडते.

१२ ऑक्टोबर

खरं काम सुरू. दोन्ही पट्ट्या एकमेकांवर आणण्याआधी दर १० सेंटिमीटरवर पेन्सिलची आडवी खूण, दोन्ही पट्ट्यांवर जुळणारी. शिवताना वरची पट्टी हळूहळू पुढे सरकते. डोळ्यांना कळत नाही. शेवटी एका बाजूला दोन सेंटिमीटर कापड उरतं तेव्हा कळतं.

पट्ट्या जागी धरायला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली. सोय झाली, पण वीसेक टाक्यांनंतर सुईला गोंद चढला आणि ती रुतायला लागली. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं शेजारी ठेवलं, दर दहा-बारा टाक्यांनी सुई पुसली. पुढे पट्टी सलग न लावता मध्ये मध्ये तुकडे लावले, आणि टाक्यांच्या रेघेपासून थोडी बाजूला. त्रास जवळजवळ संपला.

सुरुवातीला गाठ मारायची नाही. गाठ घासली जाते, सुटते, आणि भोकातून आत ओढली गेली तर भोक मोठं करते. दोऱ्याचं ३ सेंटिमीटर टोक मोकळं सोडून ते पहिल्या सहा-सात टाक्यांखाली दाबत न्यायचं. शेवटीही तसंच: सुई उलटी फिरवून आधीच्या टाक्यांखालून दोनदा काढायची आणि दोरा कापायचा.

मिनिटाला तीन टाके हा माझा वेग. मीटरला २०० टाके. आज १.१ मीटर, सव्वा तास.

१४ ऑक्टोबर

पहिली ओळ २ मीटरपर्यंत गेली आणि शीड उचलून उजेडाकडे धरलं. मधल्या अर्ध्या मीटरवर चुण्या. बाकी सपाट.

आठवून पाहिलं: तो तुकडा मी काल रात्री दमलेल्या हातानं शिवला होता आणि टाके पक्के बसावेत म्हणून प्रत्येक टाका करकचून आवळला होता. सपाट टाक्याला आवळायची गरजच नसते. दोरा कापडाला टेकला, त्याखाली नख सरकलं नाही, की झालं. त्याहून पुढे ओढलं की दोन भोकं एकमेकांकडे येतात आणि मधलं कापड उठतं.

अर्धा मीटर उसवला. तीच भोकं पुन्हा वापरली नाहीत, अडीच मिलिमीटर सरकवून नवी घेतली. जुन्या भोकांवर नख चोळलं तर कडक कापडातली वीण बऱ्यापैकी मिटते, पूर्ण नाही.

आजपासून नियम: दोन तासांवर एका दिवशी शिवायचं नाही. हात दमला की ताण बदलतो, आणि शिवणीत सगळ्यात महत्त्वाचा आहे तो सारखा ताण.

१७ ऑक्टोबर

दुसरी ओळ संपली. दुसऱ्या ओळीचे टाके पहिल्याच्या बरोबर समोर न घेता मध्ये घेतले, भोकं शेजारी शेजारी येऊ नयेत म्हणून. पहिल्या दिवशी फाटलेल्या ४० सेंटिमीटरवर खालून पट्टी दिली आहे. तिथे चार थर, १७ नंबरची सुई कुरकुरली. आरीनं आधी भोक पाडून पाहिलं, पण आरी गोल आणि जाड, भोक हवं त्याहून मोठं. त्यापेक्षा सुईच मेणात टोचून घेतली, मग चौथ्या थरात शिरताना सुईचा टक् असा बारीक आवाज यायचा आणि टोक पलीकडे दिसायचं. पक्कडीनं फक्त सरळ ओढायचं, वळवायचं नाही.

१८ ऑक्टोबर

चीर. ठिगळ शिडाच्याच वजनाच्या कापडाचं, ७० बाय १२ सेंटिमीटर. शिडापेक्षा जाड कापडाचं ठिगळ लावलं तर त्याच्या कडेला शीड घडी पडून तुटतं.

ठिगळाचे कोपरे गोल कापले. टोकदार कोपऱ्यावर सगळा ताण एका टाक्यावर येतो आणि तोच आधी उचकटतो. उभे-आडवे धागे शिडाच्या धाग्यांशी जुळवून ठेवले. माझा पहिला तुकडा थोडा तिरका कापला गेला होता, ताणल्यावर तो एकीकडे पसरला आणि शीड मात्र पसरलं नाही. टाकून दिला.

कापताना तापवलेली सुरी वापरली. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतं, कड आपोआप बंद होते आणि धागे निघत नाहीत. खाली काच घेतली. पहिल्या कापात सुरी एका जागी थांबली, तिथे टणक गोळा झाला आणि त्यातून सुई जाईना. हात न थांबवता एका दमात ओढायचं.

१९ ऑक्टोबर

ठिगळाच्या कडेनं पूर्ण फेरी, मग उलटं करून चिरेच्या दोन्ही कडा किंचित आत दुमडून ठिगळावर शिवल्या. एकूण साधारण २.८ मीटर. काल-आज मिळून सव्वातीन तास. चुण्या नाहीत. खूप बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर

कोपऱ्याची कडी. इथे जाड दोरी योग्य, कारण खाली कापडाचे सहा थर आहेत आणि ओढ एका बिंदूवर.

कोपऱ्याला आधी तीन गोल ठिगळं दिली, एकापेक्षा एक लहान, म्हणजे जाडी पायरीपायरीनं उतरते. मध्ये भोक, त्यावर स्टेनलेस स्टीलची गोल कडी, आणि भोकातून वर, कडीवरून बाहेर, कापडातून खाली असे किरणांसारखे टाके. १४ नंबरची सुई, मेणाची दोरी दुहेरी.

सोळा टाके घातल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा ७ ऑक्टोबरचीच चूक करतोय. बाहेरची सगळी भोकं कडीपासून बरोबर ८ मिलिमीटरवर, एका वर्तुळात. ताण आला की कडी ते वर्तुळ कापून बाहेर येणार, जुनी कडी नेमकी तशीच बाहेर आली होती. जुन्या तुकड्यावर भोकांची ती गोल रांग अजून दिसते. उसवलं. पुन्हा घातले, एक टाका ६ मिलिमीटर लांब, पुढचा ११, पुढचा ६. एकूण २८ टाके. इथे मात्र प्रत्येक टाका पक्कडीनं ओढून पूर्ण आवळायचा, कडी बोटानं फिरता कामा नये.

पत्र्याच्या दाबून बसवायच्या कड्या सोप्या असतात, पाच मिनिटांचं काम. पण त्या फक्त भोकाच्या काठाला धरतात. शिवलेली कडी ओढ आजूबाजूच्या कापडात पसरवते. आवरणाला पत्र्याची चालेल. शिडाच्या कोपऱ्याला मी आता कधीही लावणार नाही.

उसवणं धरून साडेतीन तास.

१ नोव्हेंबर

आवरण, सुती कॅनव्हास. इथे सगळंच वेगळं. तापवलेली सुरी चालत नाही, सूत वितळत नाही, जळतं. कड दुमडूनच आत घ्यावी लागते. दोऱ्यासाठी आतून पॉलिएस्टर आणि बाहेरून सूत असलेला घेतला. ओला झाला की सुती वेढा फुगतो आणि सुईचं भोक भरून निघतं. नुसता पॉलिएस्टर फुगत नाही, त्या भोकातून पाणी झिरपत राहतं.

फाट ९० सेंटिमीटरची. हेरिंगबोन टाका: सुई पलीकडच्या कडेतून खालून वर, अलीकडच्या कडेतून वरून खाली, फटीतून वर येऊन आपल्याच टाक्याला ओलांडून पुढे. कडा एकमेकींना भिडतात, एकीवर एक चढत नाहीत. लांब आणि आखूड टाका आलटून पालटून.

घडीच्या रेघेवर कॅनव्हास इतका विरलाय की फटीपासून ५ मिलिमीटरवर टाका धरेना. धागे हातात येत होते. १५ मिलिमीटरवर गेलो तेव्हा धड कापड लागलं. मग वरून ठिगळ द्यावंच लागलं.

ठिगळाच्या जाड कोपऱ्यांवर लॉकस्टिचची आरी वापरून पाहिली. मुठीत दोऱ्याची रीळ, टोकाशी भोक असलेली सुई. टोचून थोडं मागे घेतलं की फास तयार होतो, त्यातून दुसरा दोरा घालायचा. वेग दुप्पट. पण खालचा दोरा मी जास्त ओढत होतो, त्यामुळे तो सरळ पडून राहिला आणि वरचा नुसता त्याला लटकला. एक टोक ओढलं आणि दहा टाके सरकन निघून आले. दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या जाडीच्या मध्यावर बसली पाहिजे, वर किंवा खाली दिसता कामा नये. पाचव्या प्रयत्नात जमलं.

आवरणाला एकूण साडेपाच तास.

८ नोव्हेंबर

शीड चढवलं. हलका वारा. ठिगळाच्या वरच्या कडेला एक बारीक सुरकुती, ताण वाढवल्यावर गेली. लांब शिवण सपाट. वारा वाढल्यावर कोपऱ्याकडे सारखं लक्ष होतं, कडी जागेवर.

हिशेब लिहून ठेवतो. टिकलेलं शिवणकाम साधारण २० तास. उसवणं, फाटलेले नमुने, पामचा दिवस, पुन्हा शिवणं मिळून आणखी ९ तास. व्ही-६९ सुमारे ६५ मीटर लागला. तिरप्या दुहेरी टाक्याला शिवणीच्या दर मीटरला, दर ओळीला जवळपास ६ मीटर धरा. मोडलेल्या सुया तीन, त्यातल्या दोन १७ नंबरच्या. एवढ्या कामाला १७ नंबरच्या किमान पाच हाताशी हव्यात.

२० डिसेंबर

सहा आठवड्यांनी शीड उतरवून पुन्हा नख फिरवलं. लांब शिवणीवरचा दोरा जिथल्या तिथे, भुगा नाही.

दोन ठिकाणी काम निघालं. शीड बाजूच्या तारेला टेकतं तिथे ठिगळाच्या कडेचे सात टाके घासून केसाळ झालेत. त्यावर पातळ चामड्याची पट्टी शिवली, तिच्यासाठी आरीनं आधी भोकं पाडून; आता तार चामड्याला घासेल. आणि कोपऱ्याच्या कडीत अडकवायचा धातूचा शॅकल आतल्या बाजूच्या टाक्यांवर फिरतो, तिथे दोरीचे वरचे पदर चपटे झालेत. तुटलेला एकही नाही. शॅकल काढून त्या जागी मऊ दोरीचा फास केला, आणि कडीच्या आतल्या काठाला चामडं गुंडाळून बारा टाक्यांत बसवलं. पुढची तपासणी फेब्रुवारीत.